मुळ्येकाकांचे मिटते चाकू

हे मी लिहावं की नाही, या विचारात बरेच दिवस गेले. मुळ्येकाकांना माझ्यापेक्षा कितीतरी जास्त वर्षं ओळखणारी माणसं जयपूरच्या आमच्या मराठी मंडळात आहेत. त्यांच्यापैकी कुणी लिहिलं असतं तर ते नीट झालं असतं. माझं मराठी घरात बोलायचं मराठी. देवनागरी मी शाळेत हिंदीतून शिकलो, त्यामुळे ‘ळ’ लिहिताना अजूनही हात जरा थांबतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, तेव्हा लेख कसा लिहितात हे विचारायलाही घरी कुणी नाही. पण काकू फोनवर म्हणाल्या, “तू लिही. बाकीचे सगळे ते किती सज्जन होते एवढंच लिहितील.” म्हणून धीर केला. काही चुकलं तर सांभाळून घ्यावं.

माझे वडील फौजेत हवालदार. गाव सातारा जिल्ह्यात, पण मी वाढलो छावण्यांतल्या क्वार्टरांमध्ये. वडिलांची बदली जयपूरला झाली आणि मला तिथल्या कॉलेजात बी.ए.ला प्रवेश मिळाला. त्या वर्षी मंडळाच्या गणपतीत मी काकांना पहिल्यांदा पाहिलं. आरती झाली, प्रसादाची सफरचंदं कापायची होती आणि सुरी कुणी आणलीच नव्हती. सगळे एकमेकांकडे बघत असताना मागच्या रांगेतून एक उंच, किरकोळ अंगाचे गृहस्थ पुढे आले. त्यांनी पँटच्या खिशातून एक चपटी, पिवळट वस्तू काढली, अंगठ्याच्या नखाने तिच्यातून पातं बाहेर ओढलं आणि शांतपणे सफरचंद कापायला बसले.

“अहो मुळ्ये, चाकू घेऊन काय आलात देवळात!” एका बाईंनी म्हटलं. “स्वयंपाकघरातली साधी सुरी आणा कुणीतरी.”

“ही सुरीच आहे वहिनी,” काका मान वर न करता म्हणाले. “फक्त लाजाळू आहे.”

सगळे हसले. मी जवळच उभा होतो. कापून झाल्यावर त्यांनी पातं रुमालाने पुसलं, चाकू कानाजवळ नेला आणि मिटला. ‘टक्’ असा बारीक पण स्वच्छ आवाज झाला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. “ऐकलंस? शंभरीच्या आसपास असेल. अजून बोलतो.”

 मी नुसती मान हलवली.

त्यानंतर त्यांच्या घरी माझं जाणं सुरू झालं ते पिठामुळे. आमच्या गावाहून ज्वारी यायची. जयपूरला बाजरी हवी तेवढी मिळते, पण काकूंना भाकरी ज्वारीचीच लागे. आई पीठ बांधून द्यायची आणि मी ते घेऊन सी-स्कीममधल्या एका मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर जायचो. पीठ पोचवून लगेच परतायचं असं ठरवून जायचो आणि दोन तास बसायचो.

काका विमा कंपनीतून निवृत्त झाले होते. मूळचे रत्नागिरीकडचे, शेवटची बदली जयपूरला झाली, काकूंची शाळेतली नोकरी इथेच होती, म्हणून राहून गेले. कंपनीत त्यांचं काम होतं दाव्यांची चौकशी. दुकान जळालं, गोदामात पाणी शिरलं, की ते बघून अहवाल द्यायचा. त्या कामातून त्यांनी एक नियम उचलला होता आणि तो चाकूंनाही लावला होता: आधी वस्तू, गोष्ट नंतर.

“जळालेलं दुकान आधी बघायचं, दुकानदाराला मागाहून भेटायचं,” ते सांगायचे. “आधी दुकानदाराला भेटलास की तो रडतो, त्याची बायको चहा आणते, आणि मग तुला राखेतही त्याचंच म्हणणं दिसायला लागतं.”

घरातल्या एका कपाटाला त्यांनी उथळ खण करून घेतले होते. खणांत फ्लॅनेलचं कापड आणि त्यावर चाकू, सगळे मिटते, खिशात मावणारे. एका पात्याचे, दोन पात्यांचे, काहींना बाटलीचं बूच काढायचं मळसूत्र, एकाला घोड्याच्या टापेत अडकलेला खडा काढायचा आकडा. मला आधी ते सगळे सारखेच वाटायचे. काका एकेक चाकू मिटलेला टेबलावर ठेवायचे, आपला हात पूर्ण मागे घ्यायचे आणि मग म्हणायचे, “घे.” हातातून हातात कधी देत नसत. त्यांच्या आईचा हा नियम होता, विळी-कोयत्यासाठी. हातात दिलं की भांडण होतं, असं तिचं म्हणणं. काकांचं कारण निराळं होतं. “देणारा घेणाऱ्याकडे बघतो, घेणारा देणाऱ्याकडे. पात्याकडे कुणीच बघत नाही.”

बघायचं कसं, हे ते न शिकवल्यासारखं शिकवत. पातं मुठीत जिथे शिरतं, त्या बुडाशी बनवणाऱ्याचा छाप असतो. तो भिंगातून वाचायचा. भिंग त्यांच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात असे. छापात देशाचं नाव असेल तर चाकू फार जुना नाही. ‘स्टेनलेस’ असेल तर पातं पहिल्या महायुद्धाच्या अलीकडचं. मग मूठ. हाडाला बारीक काळे ठिपके दिसतात, हस्तिदंताला एकमेकींना छेदणाऱ्या रेषा. कधी ते मूठ अंगठ्याने जोरात घासायचे आणि माझ्या नाकाशी धरायचे.

“कसला वास?”

“पूजेचा,” मी एकदा म्हणालो. मला दुसरा शब्द सुचला नाही.

ते इतके खूश झाले की आतून काकूंना हाक मारली. “अगं, याला कापूर कळला! म्हणजे ही मूठ सेल्युलॉइडची. हस्तिदंताचं सोंग घेऊन बसली होती.”

“छान,” काकू आतून म्हणाल्या. “घरात एवढे चाकू आणि मी दुधी विळीवर कापतेय.”

“ते निवृत्त आहेत गं.”

“मग तुम्ही या. तुम्हीही निवृत्तच आहात.”

आणि काका खरोखर उठून दुधी कापायला जायचे.

चाकू ओळखता आला नाही तर ते मोठ्याने “माहीत नाही” म्हणत. माझ्या लक्षात राहिलं ते त्यात जराही ओशाळलेपण नसायचं म्हणून. वर्गात सरांनी काही विचारलं आणि येत नसलं की माझी मान खाली जायची, कान तापायचे. काका मात्र तोच चाकू दर दोनचार महिन्यांनी काढायचे, बघायचे, पुन्हा “माहीत नाही” म्हणून ठेवून द्यायचे. आईला हे काही पटत नव्हतं. “पोरगं कॉलेजला जातंय का चाकू बघाय?” ती वडिलांना विचारायची. वडील म्हणायचे, “जाऊ दे. म्हातारा माणूस हाय, चार चांगलं सांगत असंल.”

रविवारी सकाळी काका जुन्या सामानाच्या बाजारात जायचे. मी दोनचारदा बरोबर गेलो. जमिनीवर पोती अंथरून माणसं बसलेली असत. नळाच्या तोट्या, चष्म्याच्या काड्या, मुंडकं नसलेल्या पितळी मूर्ती. काका सगळ्यांना माहीत होते. एक कुरळ्या केसांचा विक्रेता लांबूनच ओरडला, “आओ चाकूवाले बाऊजी! आपके लिए छुपाके रखा है. डेढ़ सौ साल पुराना. एक ठाकुर साब के यहाँ से आया है, उनके परदादा ने इससे...”

“किस्सा बाद में,” काकांनी हात वर केला आणि भिंग डोळ्याला लावलं. “बेटा, इस पर स्टेनलेस लिखा है. डेढ़ सौ साल पहले ये शब्द ही पैदा नहीं हुआ था.”

“तो सौ मान लो.”

“और ये बीच में प्लास्टिक है.”

“बाऊजी, आप तो साल ऐसे काटते हो जैसे दर्जी कपड़ा,” तो म्हणाला. “मेरी उमर मत देखना, घरवाली को कुछ और बता रखी है.”

काका हसत सुटले. घेतलं काही नाही, पण त्याच्याकडे बसून चहा प्यायले. चहा घेताना त्यांनी त्याला ठाकुर साहेबांच्या पणजोबांची गोष्ट सांगायला लावली आणि मन लावून ऐकली. खोटी आहे हे माहीत असूनसुद्धा. वस्तू आधी बघून झाली होती ना, आता गोष्टीला परवानगी होती.

एकदा मेट्रोच्या तपासणीत त्यांच्या खिशात चाकू सापडला. मी मागेच होतो. शिपायाने चाकू वर धरला.

“बाऊजी, ये क्या है?”

“फल काटने का.”

“सब यही कहते हैं.”

“सबके फल अलग-अलग होते होंगे,” काका म्हणाले.

शिपाई हसला नाही. आत नेऊन बसवलं. थोड्या वेळाने मी काचेतून बघतो तर काका टेबलाशी वाकलेले आणि दोन शिपाई त्यांच्या दोन बाजूंना, भिंगातून आळीपाळीने छाप बघतायत. मेट्रोने जायला मात्र मिळालं नाही. आम्ही रिक्षाने परत आलो. “नियम बरोबर आहे त्यांचा,” काका वाटेत म्हणाले. “मी आलोच कशाला चाकू घेऊन.” स्वतःची चूक ते अशी पटकन, एका वाक्यात मान्य करायचे. म्हणूनच पुढे आमेरच्या बाबतीत त्यांना इतका त्रास का झाला, हे मला आधी समजलं नव्हतं.

मी दुसऱ्या वर्षाला असताना एका दुपारी ते दोन चाकू शेजारी शेजारी ठेवून बसले होते. दोन्ही वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या विक्रेत्यांकडून आलेले. दोन्हींची मूठ साबरशिंगाची, जुनी, आणि पातं नंतरच्या काळातलं. काका अशा चाकूला ‘जोडकाम’ म्हणायचे. दोन मोडक्या चाकूंचा एक करायचा आणि जुना म्हणून विकायचा, ही बाजारातली नेहमीची लबाडी. असे चाकू ते खणात ठेवत नसत, फोटोही काढत नसत. हे दोन एका डब्यात पडून होते.

“इकडे बघ,” ते म्हणाले. आवाज वेगळा होता. “या खिळ्याशेजारी काय आहे?”

पातं मुठीला ज्या पितळी खिळ्यावर फिरतं, त्याच्या बाजूला कानशीने मारलेल्या तीन बारीक खाचा होत्या. दुसऱ्या चाकूवरही तशाच, त्याच जागी.

“ओरखडे?” मी विचारलं.

“मीही ओरखडेच म्हणत होतो. पण दोन्हींवर सारखे ओरखडे कसे पडतील? आणि लबाडी करणारा माणूस सांधा लपवतो रे. इथे कुणीतरी सांध्याशेजारी खूण करून ठेवली आहे. हे मी दुरुस्त केलं, असं सांगतोय तो. म्हणजे ही लबाडी नाही. मालकाचं पातं मोडलं, त्याने चाकू टाकला नाही, शहरातल्या कारागिराकडून नवं पातं बसवून घेतलं.” त्यांनी भिंग खाली ठेवलं. “आमेरच्या चाकूवर अशाच खाचा होत्या, असं आठवतंय.”

काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांना माहीत होतं. मला त्या दिवशी कळलं.

मी जयपूरला यायच्या काही वर्षं आधीची गोष्ट. आमेरला भंवरसिंहजी नावाचे एक गृहस्थ आहेत. जुनं घर आहे, त्यातल्या चार खोल्या पाहुण्यांना देतात. काकांच्या ऑफिसातल्या एका मित्राबरोबर काका तिथे जेवायला गेले होते. घरात कसलासा समारंभ होता, भंवरसिंहजींचे भाऊ, चुलतभाऊ, सगळे जमले होते. चाकूंचे जाणकार आलेत म्हटल्यावर भंवरसिंहजींनी आतून एक चाकू आणला, तबकात लाल कापडावर ठेवून. त्यांचे आजोबा संस्थानच्या फौजेतून पहिल्या महायुद्धात परदेशी गेले होते. तिथला तो चाकू. भिंतीवर आजोबांचा फोटो आणि त्याच्याखाली हा चाकू, अशी त्याची जागा होती. भंवरसिंहजींनी सुरुवात केली, “हमारे दादोसा जब...” आणि काकांनी हात वर केला. “किस्सा बाद में.”

त्यांनी चाकू बघितला. मूठ जुनी, पात्यावर ‘स्टेनलेस’, खिळा हाताने ठोकलेला. आणि सगळ्यांसमोर सांगितलं, “ये जोड़ा हुआ माल है. लड़ाई के वक़्त का नहीं हो सकता. किसी ने बेच दिया होगा.”

 मग एका चुलतभावाने म्हटलं, “लो, दादोसा का चाकू हटवाड़े का निकला!” हटवाडा म्हणजे तोच जुना बाजार. सगळे हसले. भंवरसिंहजीही हसले. त्यांनी तबक उचललं, आत नेऊन ठेवलं आणि काकांना आग्रह करून करून जेवायला वाढलं.

“ती गोष्ट मी नंतर विचारलीच नाही,” काका म्हणाले. “मी निकाल दिल्यावर ते सांगणार तरी कशी? आणि त्या गोष्टीतच असणार ना, की पातं मोडलं होतं आणि बसवून घेतलं होतं. मी आधी ऐकलं असतं तर तेव्हाच कळलं असतं.”

“आता काय करणार?” काकूंनी विचारलं.

“जाणार. चाकू पुन्हा बघणार. खाचा असतील तर त्यांच्या भावांसमोर सांगणार की माझं चुकलं.”

त्यांना घाई होती, आणि त्याचं कारण आम्हाला माहीत होतं. त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याला आजार झाला होता. नजरेच्या कडेचं दिसायचं, पण बरोबर मधोमध धुकं वाढत चाललं होतं. “मला हल्ली माणसांचे कान दिसतात, नाक दिसत नाही,” असं ते गमतीने सांगायचे. भिंगातून बघायला लागतं ते नेमकं मधलंच.

त्या आठवड्यात मी त्यांच्याबरोबर बसने आमेरला गेलो. भंवरसिंहजी उंच, पांढऱ्या मिशांचे, अतिशय सौम्य बोलणारे. काकांना त्यांनी लगेच ओळखलं. “पधारो साहब, पधारो.” चहा आला, कचोरी आली. भिंतीवर फौजी गणवेशातल्या आजोबांचा फोटो होता. त्याच्याखालची जागा रिकामी होती.

काकांनी सरळ विषय काढला. “भंवरसिंहजी, वो चाकू मुझे एक बार फिर देखना है. मुझे लगता है उस दिन मुझसे ग़लती हुई.”

“अरे साहब, कितनी पुरानी बात लेकर बैठ गए,” भंवरसिंहजी म्हणाले. “आप कचोरी लीजिए.”

“एक बार दिखा दीजिए. बस.”

“आप हमारे मेहमान हैं, हुकम. चाकू की बात रहने दीजिए.”

काकांनी तीन तऱ्हांनी विचारलं. तिन्ही वेळा तेच उत्तर, तेवढ्याच गोडव्याने. चाकू कुठे आहे हेसुद्धा त्यांनी सांगितलं नाही. मला त्या गोडव्याची भीती वाटली. रागावले असते तर काही बोलता तरी आलं असतं.

निघताना त्यांची सून फाटकापर्यंत आली. ती सासऱ्यांना बाबोसा म्हणायची. हळूच म्हणाली, “अंकलजी, बुरा मत मानना. पहले बाबोसा हर मेहमान को नाश्ते पर वो क़िस्सा सुनाते थे. हम तो तंग आ जाते थे. अब कोई फ़ोटो देखकर पूछे तो बस इतना कहते हैं, दादाजी थे, फ़ौज में थे.”

बसमध्ये काका खिडकीशी बसले.  मग म्हणाले, “मला वाटत होतं, मी एका चाकूला खोटं ठरवलं. मी त्या माणसाचं तोंड बंद केलं रे.”

मला राहवेना. मी म्हणालो, “काका, तुम्ही नुसतं म्हणून टाका ना, की खरा आहे. त्यांना बरं वाटेल. भावांनाही कळेल.”

ते माझ्याकडे वळले. नजर माझ्या कानाकडे होती. “न बघता? त्या दिवशी न ऐकता खोटा म्हणालो, आज न बघता खरा म्हणू? मग फरक काय पडला?”



त्या वर्षात ते आणखी एकदा जाऊन आले, एकटे. पुन्हा चहा, पुन्हा कचोरी. चाकू नाही. इकडे धुकं वाढत होतं. खणातले चाकू आता ते भिंगाशिवायच हाताळायचे, बोटांनी, कानाने, नाकाने. पण छाप बोटाला वाचता येत नाही. “आमेरवाले कधी बघू देतील कुणास ठाऊक,” ते एकदा म्हणाले, “आणि बघू दिलं तेव्हा मला दिसलं नाही, तर?”

वडिलांची बदली पुढे पंजाबात झाली. आईवडील गेले, मी शेवटचं वर्ष पुरं करायला जयपुरातच, गोपालपुऱ्यात मुलांच्या एका हॉस्टेलवर राहिलो. पीठ यायचं बंद झालं, तरी रविवारी काकूंकडे जेवायला जायचो. निकाल लागला. मला पुण्याला एम.ए.ला प्रवेश मिळाला. निघायच्या आदल्या दिवशी भेटायला गेलो तेव्हा काका गॅलरीत खुर्चीवर बसले होते. मी पाया पडलो. ते म्हणाले, “पुण्यात खूप हुशार लोक भेटतील. घाबरायचं नाही. नाही आलं तर नाही येत म्हणायचं.” मग जरा थांबून, “आणि बोलणाऱ्याला मधे थांबवायचं नाही.”

मी खाली उतरलो, गल्लीच्या तोंडाशी जाऊन मागे बघितलं. ते कठड्याला धरून उभे होते आणि हात हलवत होते, पण मी उभा होतो त्याच्या बऱ्याच डावीकडे, एका बंद मोटारीकडे बघून. मी ओरडून सांगणार होतो की मी इकडे आहे. मग तसाच त्या मोटारीजवळ जाऊन उभा राहिलो आणि तिथून हात हलवला. ते आत जाईपर्यंत.

हेच माझं त्यांना शेवटचं बघणं.

पुण्यात पहिलं वर्ष मला जड गेलं. अभ्यासक्रम नवा, माणसं नवी. सुरुवातीला दर आठवड्याला फोन करायचो, मग महिन्याने, मग राहूनच गेलं. काका गेल्याचा निरोप मंडळाच्या मोबाइलवरच्या ग्रुपमध्ये आला होता, पण तो ग्रुप मी उघडून बघत नव्हतो. बातमी मला मिळाली ती आईकडून, पंधरा-वीस दिवसांनी. तिला जयपूरच्या छावणीतल्या कुणीतरी सांगितली होती. झोपेतच गेले. मी लगेच काकूंना फोन लावला. काय बोलायचं ठरवलं नव्हतं. काकूच बोलल्या. आजारी नव्हते, त्रास झाला नाही, मुलगा येऊन गेला, सगळं नीट झालं. मग म्हणाल्या, “अरे, तुला आमेरचं कळलं नसेल ना?”

“नाही.”

“महिनाभर आधी गेलो होतो आम्ही. मी बरोबर गेले, त्यांना एकट्याला आता जाववत नव्हतं. तिथे बसल्या बसल्या यांनी सांगितलं, ‘मैं चाकू देखने नहीं आया हूँ. अब मुझे दिखता भी नहीं. उस दिन आप कुछ बता रहे थे, मैंने रोक दिया था. वो सुनने आया हूँ.’  मला वाटलं, ते गृहस्थ पुन्हा कचोरी आणतात. तर त्यांनी सुनेला हाक मारली आणि भावांना बोलावून घ्यायला सांगितलं. तेच सगळे भाऊ. ते येऊन बसेपर्यंत थांबले.”

“आणि चाकू?”

“आणला की. तबकात घालून समोर ठेवला. यांनी हातसुद्धा लावला नाही.”

“मग काकांनी काय सांगितलं? खरा आहे म्हणून?”

“छे. सगळ्यांसमोर म्हणाले, उस दिन मैंने बिना सुने कह दिया था, वो बात मैं वापस लेता हूँ. चाकू कैसा है, मुझे मालूम नहीं. एवढंच. मग त्या गृहस्थांनी सुरू केलं. दादोसा बोटीत कसे चढले, तिथपासून. परत आल्यावर विहिरीवर मोटेच्या दोरात उंट अडकला होता, तो दोर कापताना पातं मोडलं, मग ते शहरात नेऊन नवं बसवून घेतलं, तेसुद्धा आलं त्यात. मी यांच्याकडे बघितलं. मला वाटलं, आता सांगतील, मी म्हणालो होतो ना, पातं नंतरचं आहे. पण यांनी नुसती मान हलवली. दुपार गेली, ऊन उतरलं, भाऊ जांभया द्यायला लागले, आणि हे खुर्चीत पुढे सरकून बसलेले. ते जरा थांबले की हे लगेच विचारायचे, ‘फिर?’”